मुलींच्या जागी मुलगे आले, तरी तो ‘लियर’च राहतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. अकिरा कुरोसावाचा १९८५चा ‘रान’ (नावाचा अर्थ अनागोंदी, उलथापालथ) शेक्सपिअरच्या ‘किंग लियर’वर बेतलेला आहे असं सगळीकडे सांगितलं जातं. पण त्यात तीन मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत, राजा भोळसट म्हातारा नसून आयुष्यभर कत्तली केलेला सरदार आहे, आणि मूळ नाटकातला एकही संवाद नाही. मग तो लियर कसा म्हणायचा? शोकांतिका परक्या देशाच्या इतिहासात नेताना काय जपायचं आणि काय सोडायचं? आणि शेवटी एक तक्रार: सिनेमा भव्य आहे, पण सुरुवातीचा बराच भाग थंड, लांबून पाहिल्यासारखा वाटतो.

मी नाटकांची रूपांतरं करतो, पटकथा लिहितो आणि हे काम शिकवतोही. माझं उत्तर असं की ‘रान’ लियरच आहे आणि तुम्ही मोजलेल्या तीन बदलांमुळेच तो लियर राहिला आहे.

शोकांतिकेत माणूस एक पाऊल उचलतो. ते त्याला आणि त्याच्या भोवतालच्या लोकांना त्या घटकेला फारसं वेडगळ वाटत नाही. मग एकेक दार बंद होत जातं आणि परत फिरायला जागा उरत नाही. ही दारं बंद कोण करतं? त्या समाजाचे कायदे, नाती, वारसाहक्क, भीती. इंग्लंडच्या दंतकथेतला राजा ज्या दारांमागे अडकतो ती दारं सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये नव्हतीच. तिथली दारं वेगळी होती. रूपांतर करणाऱ्याला ती शोधावी लागतात. ती शोधली नाहीत तर जपानी पोशाखातले लोक इंग्लंडच्या अडचणी सोसत बसतात आणि प्रेक्षकाला वाटत राहतं, हा उठून निघून का जात नाही?

‘लियर’चा पहिला प्रवेश घ्या. म्हातारा राजा तीन मुलींना विचारतो, माझ्यावर तुमचं किती प्रेम आहे ते सांगा, त्याप्रमाणे राज्य वाटून देतो. रंगमंचावर आपण हे मान्य करून टाकतो, कारण नाटकाच्या पहिल्या काही मिनिटांत ‘एक होता राजा’ म्हटलेलं चालतं. पण पडद्यावर खरं गवत वाऱ्याने हलत असतं, खरे घोडे फुरफुरत असतात. तिथे एवढं मोठं राज्य चालवलेला माणूस असा खेळ मांडतो हे पटवणं फार अवघड जातं. लियरच्या अनेक चित्रपटांना पहिली ठेच इथेच लागते.

कुरोसावाला ती लागली नाही, कारण तो ‘लियर’पासून निघालाच नव्हता. त्याच्या डोक्यात आधी होता मोरी मोतोनारी (१४९७–१५७१), आकी प्रांताचा सरदार, म्हणजे आजच्या हिरोशिमाच्या परिसरातला. मोतोनारीने १५५७ मध्ये आपल्या तीन मुलांना एकजुटीने राहा असं बजावणारं पत्र लिहिलं. त्यावरून पुढे दंतकथा तयार झाली: एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र धरले तर मोडत नाहीत. जपानमध्ये ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कुरोसावाने स्वतःला विचारलं, हे मुलगे इतके गुणी निघाले नसते तर? हिदेओ ओगुनी आणि मासातो इदे यांच्याबरोबर पटकथा रचताना ‘लियर’ त्यात येऊन मिसळला. रूपांतर शिकणाऱ्यांना मी हा क्रम मुद्दाम सांगतो. बी तिथल्याच मातीतलं होतं, शेक्सपिअर नंतर आला.

म्हणून पहिल्या दृश्यात प्रेमाची परीक्षा नाही, बाण आहेत. सत्तर वर्षांचा हिदेतोरा इचिमोंजी रानडुकराच्या शिकारीनंतर टेकडीवर बसून जाहीर करतो की घराण्याची सूत्रं थोरल्या तारोकडे, पहिला गड त्याला, दुसरा जिरोला, तिसरा साबुरोला. हे ऐकून तिथे बसलेल्यांना धक्का बसतो, पण साबुरो सोडला तर हा माणूस बहकला असं कुणी म्हणत नाही. जपानच्या लष्करी घराण्यांत प्रमुखाने हयातीतच वारसाकडे कारभार सोपवून बाजूला होणं ही रुळलेली रीत होती, आणि बाजूला झाल्यावरही पडद्याआडून वजन राखणं हेही नवं नव्हतं. हिदेतोराची चूक पुढे आहे. त्याला मान हवा, पदवी हवी, तीस शिलेदार हवेत. (लियरने शंभर मागितले होते.) सत्ता द्यायची आणि तिची सावली आपल्यापाशी ठेवायची, हा मूळ नाटकातला हव्यास जसाच्या तसा इथे आहे. त्याला जपानी रीतीचं आवरण मिळाल्यामुळे तो समजूतदारपणासारखा दिसतो, एवढंच.

आणि साबुरो! लियरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया म्हणते, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. साबुरो भरपूर बोलतो, तेही उद्धटपणे. तीन बाण गुडघ्यावर आपटून मोडून दाखवतो. बापाला सांगतो की तुम्ही रक्तपातात आयुष्य काढलं, आम्ही त्याच काळाची लेकरं, आमच्याकडून निष्ठेची अपेक्षा कशी धरता? पण त्याआधी एक छोटी गोष्ट घडून गेलेली असते. बाप बसल्या जागी पेंगतो तेव्हा साबुरो फांद्या तोडून आणतो आणि त्याच्यावर सावली होईल अशा रोवतो. त्यावर तो कुणाशी बोलत नाही. कॉर्डेलियाचं मौन कुरोसावाने या फांद्यांमध्ये ठेवलं आहे. रंगमंचावर प्रेम नाकारण्याचे शब्द ऐकवून प्रेम दाखवावं लागतं. कॅमेऱ्याला हाताची हालचाल पुरते.

आता मुलींचा प्रश्न. त्या काळच्या जपानमध्ये सरदाराने मुलींना गड वाटून दिले असते तर सगळी कथा तिथेच कोसळली असती. लेकी तहाची शिक्कामोर्तब म्हणून शत्रूच्या किंवा मित्राच्या घरी दिल्या जात. गड, फौज, बापाला दाराबाहेर ठेवण्याची ताकद, हे सगळं मुलांकडे. म्हणून मुलगे. पण इथे थांबलं तर कुरोसावाचं खरं कसब निसटतं. लियरच्या दोन थोरल्या मुली, गॉनरिल आणि रीगन, यांचं विष मुलांकडे गेलेलं नाही. तारो आणि जिरो दोघेही तसे दुबळे, महत्त्वाकांक्षी, कुणीतरी ढकललं की ढळणारे आहेत. विष गेलं आहे सुनांकडे. ज्या व्यवस्थेत मुलगी घराबाहेर जाते, त्याच व्यवस्थेत दुसऱ्याची मुलगी घरात येते, आणि ती कुठून आली हे विसरलेली नसते.

थोरली सून काएदे. तारो आज ज्या पहिल्या गडावर मालक म्हणून बसला आहे तो तिच्या माहेरचा गड. लग्नामुळे तिचे वडील आणि भाऊ बेसावध झाले, तेव्हा हिदेतोराने त्यांना मारलं. आईने याच गडात जीव दिला. काएदे सून म्हणून आपल्याच घरात राहते आहे. मिएको हाराडाने ही भूमिका अशी केली आहे की ती खोलीत आली की मी आजही सावरून बसतो. भुवया काढून कपाळावर उंच रंगवलेल्या, चेहरा हलत नाही, पाऊल उचललेलं दिसत नाही, फक्त रेशीम जमिनीवरून सरकतं. तारो मेल्यावर ती धाकट्या दिरासमोर येते, एकाएकी त्याच्यावर झेप घेऊन त्याच्याच कट्यारीचं पातं त्याच्या गळ्याला लावते, आणि त्याच झटापटीत त्याला आपलासा करून घेते. त्यानंतर मागते काय, तर त्याच्या बायकोचं, सुएचं, शिर. या एका बाईत गॉनरिल आहे आणि ‘लियर’मधल्या ग्लॉस्टरचा कारस्थानी अनौरस मुलगा एडमंडही आहे. पण एडमंडची तक्रार अनौरस ठरवलं गेल्याची होती. काएदेची तक्रार नाटकातल्या कुणाच्याही तक्रारीपेक्षा मोठी आहे. शेवटी ती सांगते की हे घराणं आणि हा गड जळालेला पाहायचा होता, तेव्हा तिला उलट उत्तर देता येईल असं आपल्याजवळ काही नसतं.

दुसरी सून सुए. तिचंही घर हिदेतोराने जाळलं, आईबाप त्यात गेले. ती बुद्धाला शरण गेली आहे आणि सासऱ्याकडे मायेने पाहते. तो तिला म्हणतो, माझा द्वेष कर, ते सोसायला सोपं जाईल. हे वाक्य ‘लियर’मध्ये कुठेही नाही. पण ज्याने ‘लियर’ आत खोलवर मुरवला आहे त्यालाच सुचेल असं आहे.

यातून आपण तुमच्या दुसऱ्या आक्षेपावर येतो: राजा खुनशी का केला? कुरोसावाने स्वतः सांगितलं आहे की ‘लियर’मध्ये त्याला एक गोष्ट कायम खटकत असे. शेक्सपिअर आपल्या पात्रांना भूतकाळ देत नाही. ऐंशी वर्षांचा राजा, त्याने हे राज्य कसं मिळवलं, कसं टिकवलं? मुली इतक्या कठोर का झाल्या? नाटक गप्प आहे. दंतकथेतल्या राजाला ते शोभतं. पण इतिहासातला एक ठराविक काळ निवडला की भूतकाळ टाळता येत नाही. जपानच्या यादवीच्या शतकात तीन गडांचा मालक होणं म्हणजे तीन घरं बेचिराख करणं. ऐतिहासिक पट निवडण्याची ही किंमत असते, आणि कुरोसावाने ती पूर्ण चुकती केली.

मग सगळं नाटक जागेवरून हलतं. सर्वात मोठा बदल डोळ्यांचा. मूळात ग्लॉस्टर या सरदाराचे डोळे लियरचा जावई रंगमंचावरच फोडतो, आणि लियरचा त्यात काही हात नसतो. ‘रान’मध्ये डोळे फोडण्याची घटना कथा सुरू होण्यापूर्वीच होऊन गेली आहे. सुएचा भाऊ त्सुरुमारू लहान होता, त्याचा जीव वाचवण्याच्या बदल्यात हिदेतोराने त्याचे डोळे घेतले. वादळात वेडा झालेला लियर एका झोपडीपाशी जातो तिथे त्याला वेड्याचं सोंग घेतलेला निरपराध एडगर, ग्लॉस्टरचा औरस मुलगा, भेटतो. वादळात वेडा झालेला हिदेतोरा एका झोपडीत शिरतो तिथे त्सुरुमारू बसलेला असतो. तो पाहुण्याला बासरी ऐकवतो. जगात याच्याइतका भयंकर पाहुणचार नसेल.

लियर वादळात म्हणू शकतो की मी जेवढी पापं केली त्यापेक्षा माझ्यावर जास्त झाली. हिदेतोराला ते म्हणण्याचा अधिकार नाही. इथे नाटकाचा प्रश्नच बदलतो. शेक्सपिअर विचारतो, असल्या क्रौर्याला निसर्गात काही कारण आहे का? कुरोसावा विचारतो, पेरलेली हिंसा शेवटी कुठे जाऊन उगवते? कुणी म्हणेल, मग हे केल्या कर्माचं फळ झालं, शोकांतिका राहिली कुठे? तर साबुरो आणि सुए यांच्याकडे पाहा. दोघांनी काहीही केलेलं नाही आणि दोघेही मरतात. कर्माचा हिशोब जुळतच नाही. साबुरो बापाला घोड्यावर पाठीशी बसवून नेत असताना दुरून आलेली गोळी त्याला लागते. कॉर्डेलियाच्या मृत्यूइतकंच ते अकारण आहे. विदूषक क्योआमी आभाळाकडे पाहून देवांना शिव्या घालतो आणि निष्ठावंत तांगो त्याला गप्प करतो: देवांना दोष देऊ नको, माणसं एकमेकांना मारतात ते पाहून तेच रडत असतील. हा वाद ‘लियर’मधलाच आहे, फक्त तो ज्या देवांशी घातला आहे ते तिथले आहेत.

मूळ नाटकाशी निष्ठेची चर्चा निघते तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात असावी. शेक्सपिअरला ‘लियर’ आयता मिळाला होता. त्याच्या आधीच्या नाटकात आणि हॉलिन्शेडच्या बखरीत म्हाताऱ्या राजाला राज्य परत मिळतं. तो भयाण शेवट शेक्सपिअरने घातला. आणि तो त्याच्याच देशाला पेलला नाही. १६८१ मध्ये नाहूम टेट या नाटककाराने कॉर्डेलियाला जिवंत ठेवून एडगरशी तिचं लग्न लावून दिलं आणि सुमारे दीडशे वर्षं इंग्लंडचा रंगमंच तोच गोड ‘लियर’ पाहत होता. इंग्रजी पद्य बोलणारा टेटचा लियर आणि एकही इंग्रजी शब्द नसलेला हिदेतोरा, यांत शेक्सपिअरच्या जवळचा कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शब्द गेले, याचं दुःख मात्र खरं आहे. तिथे मी तुमच्याशी सहमत आहे. त्यांच्या जागी काय आलं ते तिसऱ्या गडाच्या लढाईत दिसतं, जिथे आश्रयाला आलेल्या हिदेतोरावर तारो आणि जिरो चाल करून येतात. तिसरा गड फुजी पर्वताच्या उतारावर खास बांधला होता आणि खरोखर जाळला. तो पुन्हा उभा राहणार नव्हता, म्हणून हिदेतोरा झालेल्या तात्सुया नाकादाईला धुरातून, पेटलेल्या दारातून पायऱ्या उतरत येण्याचं दृश्य एकदाच मिळणार होतं. लढाई सुरू होते तेव्हा कुरोसावा सगळे आवाज काढून घेतो. किंकाळ्या, टापा, आग, काही ऐकू येत नाही, फक्त तोरू ताकेमित्सूचं संगीत चालू राहतं. बाणांनी माणसं भिंतीला खिळली जातात, बायका एकमेकींना भोसकून मरतात, रक्त फळ्यांवरून ओघळतं, सगळं मुक्याने. मग एक गोळी सुटते, तारो घोड्यावरून पडतो आणि त्या क्षणी जगाचा आवाज परत येतो. आत हिदेतोरा पोट फाडून घ्यायला तलवार शोधतो. ती सापडत नाही. मानाने मरण्याची वाटही बंद होते, आणि तो दोन फौजांच्या मधून, रिकाम्या डोळ्यांनी, चालत बाहेर जातो. सैनिक बाजूला होतात.

‘लियर’मधलं वादळ पद्यात आहे. त्या काळच्या मोकळ्या रंगमंचावर दिवसाउजेडी, पाऊस नसताना, नट शब्दांनी वादळ उभं करत असे. सिनेमात पाऊस हवा तेवढा पाडता येतो, म्हणूनच नुसत्या पावसाला काही किंमत उरत नाही. कुरोसावाने मन फुटण्याची जागा वादळाच्या आधी, जळत्या गडात आणली. मूळात लढाई जवळपास नाहीच. पाचव्या अंकात ग्लॉस्टर झाडाखाली बसतो आणि काही ओळींत कॉर्डेलियाची बाजू हरल्याचं कळतं. जे नाटकात नेपथ्याआड होतं ते इथे कथेच्या मधोमध आलं आहे. ऐतिहासिक महापटाची भव्यता अशा ठिकाणी वापरली तर ती सजावट राहत नाही. चौदाशेच्या आसपास पोशाख आणि चिलखतं एमी वादाच्या देखरेखीखाली दोनहून अधिक वर्षं हाताने घडवली गेली (तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं). तारोचे पिवळे, जिरोचे लाल, साबुरोचे निळे. वरून पाहिलं की माणसं दिसत नाहीत, रंग एकमेकांत घुसताना दिसतात.

तुमच्या थंडपणाच्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. कॅमेरा लांब ठेवलेला आहे, चेहऱ्याजवळ तो क्वचितच जातो. लियर स्वतःशी बोलतो म्हणून आपण त्याच्या आत शिरतो. हिदेतोराला स्वगत नाही, आणि त्याच्या चेहऱ्याची रंगभूषा नो या जपानी पारंपरिक नाट्यातल्या मुखवट्यांसारखी आहे. आपल्याला वर, आभाळाच्या बाजूला बसवलं आहे, जिथून काही करता येत नाही. मला ही निवड योग्य वाटते. तरी एका जागी मी कुरोसावाशी भांडतो. शुद्धीवर आलेला लियर कॉर्डेलियाला ओळखतो तो प्रवेश नाटकातला सर्वात कोवळा प्रवेश आहे. हिदेतोरा आणि साबुरो यांची भेट त्या मानाने फार लवकर आटोपते. लांबचा कॅमेरा तिथे जवळ यायला हवा होता. तिथे मला शब्दांची खरी उणीव भासते.

कुरोसावाने हे आधी एकदा केलं होतं, आणि माझ्या मते जास्त घट्टपणे. १९५७चा ‘कुमोनोसु-जो’, म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा गड, हा ‘मॅक्बेथ’. मूळात डंकन हा सज्जन राजा आहे, त्याला मारणं हे सृष्टीविरुद्धचं पाप आहे. ज्या जपानमध्ये हाताखालचा सरदार वरच्याला उलथवून त्याच्या जागी बसतो हे रोजचंच होतं, तिथे असा पवित्र राजा आणायचा कुठून? कुरोसावाने तो आणलाच नाही. इथला धनी स्वतः आपल्या आधीच्या धन्याला मारून गादीवर आलेला आहे. त्यामुळे वाशिझूची (इथला मॅक्बेथ) बायको असाजी त्याला मोठेपणाची लालूच दाखवत नाही, भीती दाखवते. तू धनी होशील ही भविष्यवाणी तुझ्या मित्राने, मिकीने, धन्याच्या कानावर घातली तर तो तुला जिवंत ठेवेल का? तू मारलं नाहीस तर मरशील. ती हे पापणी न हलवता, एका जागी बसून, हळू आवाजात सांगते आणि त्यात तर्काची चूक काढता येत नाही. धाडसी पण फार खोल विचार न करणारा शिपाई त्या तर्कात अडकतो.

गंमत अशी की ज्या बखरीतून शेक्सपिअरने कथा घेतली तिथे मॅक्बेथचा मित्र बँको (इथला मिकी) खुनात सामील आहे. गादीवर तेव्हा जेम्स पहिला होता आणि तो स्वतःला बँकोच्या वंशातला मानत असे, तेव्हा नाटकात बँको स्वच्छ झाला. प्रत्येक काळ आपल्या गरजेने कथा धुऊन घेतो.

इसुझु यामादाची असाजी गुंगीचं मद्य आणायला आतल्या काळोखात जाते तेव्हा ती दिसेनाशी होते, उरतो फक्त रेशमाचा सळसळाट, आणि मग तोच आवाज काळोखातून परत येतो. लेडी मॅक्बेथचं अर्धं पद्य त्या आवाजात उतरलं आहे. शेवटही बदलला आहे. मॅक्बेथला मॅक्डफ मारतो, ज्याची बायकामुलं त्याने मारवली होती. सूड पुरा होतो, नवा राजा गादीवर बसतो, राज्य सावरतं. वाशिझूला मारतात त्याचेच सैनिक, नावागावाचे नसलेले, ज्यांना आता तो नकोसा झाला आहे. वाशिझू झालेल्या तोशिरो मिफुनेच्या भोवती सोडलेले बाण खरे होते, कसलेल्या तिरंदाजांनी सोडलेले. त्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहिली की ते सांगावं लागत नाही. त्यानंतर कुणी नवा धनी येऊन दोन शब्द बोलत नाही. धुकं येतं, गडाच्या जागी स्मारकाचा खांब उरतो. ‘रान’मध्येही तेच. ‘लियर’च्या शेवटी निदान राज्य कुणी सांभाळायचं याचं बोलणं होतं, इथे पडक्या गडाच्या कड्यावर एकटा आंधळा त्सुरुमारू उरतो आणि त्याच्या हातून बुद्धाचं चित्र खाली पडतं. दोन्ही वेळा कुरोसावाने राज्य सावरण्याचा भाग काढून टाकला. जिथे शंभर वर्षं राज्य सावरलंच नव्हतं तिथे तो खोटा वाटला असता.

जिथे हे जमलं नाही अशी दोन उदाहरणं चीनमधली, दोन्ही २००६ची. फेंग श्याओगांगचा ‘द बँक्वेट’ हा ‘हॅम्लेट’ दहाव्या शतकात, पाच राजवंशांच्या धामधुमीत नेतो. सुरुवात विलक्षण आहे: दुःखी राजपुत्र बांबूंच्या वनातल्या रंगमंडपात पांढरे मुखवटे घालून नाचणाऱ्या कलावंतांत राहतो आणि मारेकरी तिथेच येतात. पण पुढे हॅम्लेट का थांबतो याला त्या दरबारात कारण सापडत नाही. मूळात तो थांबतो कारण बापाच्या खुनाचा सूड घे म्हणणारं भूत खरं की सैतानाचं सोंग हे त्याला ठरवता येत नाही. त्याच्या विद्यापीठातली, त्याच्या धर्मातली ती शंका आहे. इथे भूतही नाही आणि ती शंकाही नाही, म्हणून राजपुत्र नुसताच रेंगाळतो. त्याची आई इथे सावत्र आई आणि जुनी प्रेयसी आहे, त्यामुळे सगळा भार झांग झियीच्या सम्राज्ञीवर जातो आणि नाटक राजवाड्यातल्या कारस्थानांचं होतं. एक प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. सम्राज्ञीने विषाचा पेला सम्राटासाठीच तयार केला होता हे कळल्यावर ग यूचा सम्राट तो स्वतःहून पितो. क्लॉडियस, हॅम्लेटचा खुनी काका, प्रेमापोटी मरतो! त्या चित्रपटात शोकांतिका आहे ती याची. दिग्दर्शकाने हॅम्लेटला सोडून त्याचाच माग काढायला हवा होता.

दुसरा झांग यिमोचा ‘कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर’. याचं मूळ परदेशी नाही. त्साओ यू यांचं १९३४चं ‘वादळ’ हे आधुनिक चिनी रंगभूमीचं मोठं नाटक: एका उद्योगपतीचं घर, सावत्र आई आणि मुलाचं नातं, नकळत एकमेकांच्या प्रेमात पडलेली एकाच आईची मुलं. ते हजार वर्षं मागे, उत्तर-तांग काळच्या सम्राटाच्या घरात नेलं आहे. नाटकात नवरा बायकोला सगळ्या कुटुंबासमोर औषध प्यायला भाग पाडतो. ते औषधच असतं. काळजीच्या नावाखाली माणसाला कसं मोडता येतं ते त्या प्रवेशात दिसतं आणि अंगावर काटा येतो. चित्रपटात त्या औषधात खरंच विष आहे. झालं, नवरा साधा खुनी ठरला. नाटकात मृत्यू येतो बागेत लोंबणाऱ्या विजेच्या तारेतून. चित्रपटात सोनेरी चिलखतांच्या फौजा अंगणात कापल्या जातात. ‘रान’मध्ये फौजा येतात कारण त्या घराण्याचा भूतकाळच फौजांचा आहे. इथे त्या पडदा भरायला येतात. घरातल्या भिंतींमुळे घुसमटणारी माणसं राजवाड्याच्या मैदानात आणली की त्यांची घुसमट उडून जाते.

तुम्हाला स्वतः असं काही लिहायचं असेल तर शेक्सपिअर बाजूला ठेवून ज्या काळात जायचं आहे त्या काळाचे दस्तऐवज वाचा: वारसाहक्क कसा चाले, लग्न कोण ठरवी, धन्याला सोडून जाणाऱ्याचं काय होई, म्हातारा झालेला प्रमुख कुठे राहत असे. त्यात एखादी रीत अशी सापडेल की जी पाळणाऱ्याला शहाणपणाची वाटते आणि तीच त्याला खड्ड्यात घालते. ती सापडेपर्यंत एकही दृश्य लिहू नका. ती सापडली की मूळ नाटकातली निम्मी पात्रं आपोआप गळतील, उरलेल्यांची नाती बदलतील, कदाचित मुलीची सून होईल, शत्रूचा बळी होईल. बदलू द्या. मूळ नाटकातला एखादा प्रसंग आवडतो म्हणून तो कुठेतरी बसवायचा मोह फार होतो. नव्या समाजात त्याला कारण नसेल तर तो कितीही सुंदर लिहिला तरी अनाथ दिसतो. आणि विदूषकाला घाईने काढू नका. ‘रान’मधला क्योआमी पहिल्या वाचनात वगळण्याजोगा वाटतो, पण वेड्या धन्याला सोडून पळण्याची त्याला पूर्ण मुभा असते, तो तसं बोलूनही दाखवतो आणि तरी जात नाही. सगळी दारं बंद झालेल्या त्या जगात एक दार उघडं असलेला तो एकटाच आहे.

पुन्हा ‘रान’ पाहाल तेव्हा पहिला तासभर राजाकडे पाहू नका. काएदे कुठे बसली आहे, कोण तिच्यापेक्षा वर बसलं आहे आणि पुढच्या वेळी कोण खाली बसतं, एवढंच पाहा.